बाईंचं तरट

आमच्या बाई माणसाला उभं राहून बोलू द्यायच्या नाहीत. दारात कुणीही येवो, दूधवाला, टपालवाला, वकिलाची बायको, बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी बस, मग बोल." आणि बसायला काय, तर जमिनीवर अंथरलेलं तरट. त्यांच्या अख्ख्या शाळेत एक खुर्ची नव्हती. मी एकदा म्हटलं, बाई, एखादी तरी खुर्ची असावी, कुणी मोठं माणूस आलं तर. तर म्हणाल्या, खुर्चीवरून लेकराचा नुसता भांग दिसतो, तोंड दिसत नाही. तेव्हा मला हा येडेपणा वाटला होता. आता माझे गुडघे गेलेत, खुर्चीशिवाय भागत नाही, आणि नातवंडांचे भांग बघत बसावं लागतं, म्हणून पटतं.

शाळा म्हणजे तरी काय. परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, अलीकडच्या गल्लीत एका लिंगायत वाण्याचं घर होतं, त्याची लांबलचक ओसरी बाईंनी मागून घेतलेली. तिथं तीन ते सहा वर्षांची तीस लेकरं सकाळी जमायची. लोक त्याला बिगारी म्हणायचे, म्हणजे पहिलीच्याही खालचा वर्ग. निजामाचं राज्य होतं, सरकारी शाळेत सगळं उर्दूत चालायचं, आणि एवढ्या लहान लेकरांना शाळेत घालायचं असतं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. बाईंच्याच डोक्यात होतं. त्या कपाळ पांढरं झाल्यावर कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन हे शिकून आल्या होत्या. कुठल्या, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "लांब."

मी राणीसावरगावची. आबांना जमीन थोडी आणि पोरी फार. परभणीला मावशीकडं राहून मी सरकारी मुलींच्या शाळेत आठवीत आले होते ती निव्वळ बाईंच्या जिवावर. बाई दोन मोठ्या मुली कामाला ठेवायच्या. सकाळी त्यांनी लेकरांना सांभाळायचं, शिकवायचं, आणि दुपारी आपल्या शाळेत जायचं. त्याबदली बाई आमची फी भरायच्या आणि भाकर घालायच्या. आबांचं म्हणणं सरळ होतं. फुकट शिकतीया तवर शिकू द्या, ज्या दिवशी फुकट बंद, त्या दिवशी मानवतचं स्थळ. मानवतचं स्थळ म्हणजे एक बिजवर होता. त्याची कापसाची अडत होती आणि समोरचे दोन दात नव्हते. दोन्ही गोष्टी आबा सारख्याच आपुलकीनं सांगायचे, दात पडलेला माणूस चावत नाही म्हणायचे.

कामाला घेताना बाईंनी माझी परीक्षा घेतली ती अजून आठवते. एक रडकं पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः आत निघून गेल्या. मी गाणं म्हटलं, गूळ दिला, वाकडं तोंड करून दाखवलं, मांजरासारखं ओरडले. पोरगं जे सुरात लागलेलं ते उतरेना. शेवटी मलाच रडू फुटलं. आपल्याला हे जमत नाही, आता मानवत, असं मनात येऊन मी हमसून हमसून रडायला लागले. तसं ते पोरगं गप झालं आणि माझ्याकडं टकामका बघायला लागलं. बाई दाराआडच होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "ही चालंल." एवढीच परीक्षा.

सकाळी लेकरं आली की बाई एकेकाचं डोकं हुंगायच्या. खरंच हुंगायच्या, नाक लावून. ह्याला रात्री ताप होता, हिच्या घरी आज चूल उशिरा पेटली, हा उपाशी आलाय, असं सांगायच्या आणि ते बहुतेक खरं निघायचं. एकदा माझंही डोकं हुंगलं आणि म्हणाल्या, मावशीशी भांडून आलीस. आले होते. मी दोन दिवस चाट पडले होते. मग लक्षात आलं की मावशीचा आवाज मोंढ्यापर्यंत जातो, त्याला हुंगायची काही गरज नव्हती.

पाटी-पेन्सिल हा दुसरा बखेडा. भरलेलं फुलपात्र हातात घेऊन ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक थेंब न सांडता, जे लेकरू जाईल त्यालाच पाटी. बाकीच्यांनी पाणी वाहायचं. आईबाप येऊन हुज्जत घालायचे, वर्ष झालं, पोरगं नुसतं पाणीच वाहायलंय, अक्षर कधी काढणार. बाई त्यांना आधी बसवायच्या, मग त्यांच्याच हातात काठोकाठ भरलेलं फुलपात्र द्यायच्या. जावा म्हणायच्या त्या टोकाला. दहातल्या नऊ जणांचं सांडायचं. ती माणसं धोतर झटकत घरी जायची आणि महिनाभर अक्षराचं नाव काढायची नाहीत.

आणखी एक डबी होती त्यांच्याकडं. वर्गात ज्या लेकराचा दुधाचा दात पडेल तो चिंधीत बांधून, चिंधीला नाव शिवून, डबीत ठेवायच्या. कशाला, तर मोठेपणी माजला तर दाखवायला. बाई गेल्यावर ती डबी माझ्याकडं आली. तिच्यातले कितीतरी मालक आज आजोबा झालेत, एक तर चांगला पुढारी झाला आणि माजलासुद्धा. पण मला काही त्याच्या दारात दात घेऊन जायचा धीर झाला नाही. बाई गेल्या असत्या.

पण बाईंचा खरा कायदा म्हणजे तरटाचा. वर्गात कुणी कुणावर हात उगारला, नाहीतर आवाज चढवला, तर त्यानं त्या क्षणापासून लेकरू व्हायचं. तरटावर लेकरांच्या ओळीत मांडी घालून बसायचं, आणि ज्याच्यावर हात टाकला किंवा ओरडलं, त्यानं "ऊठ" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. हे लहानांना होतं तसंच मोठ्यांनाही होतं. लेकरांना हा कायदा इतका पाठ झालेला की कुणी जरा आवाज वाढवला की तिसाच्या तीस ओरडायची, "बसा, बसा, बसा."

घरमालक वाणी मोठा भला माणूस, पण जिभेचा तिखट. ओसरीतून दुकानाकडं जाता जाता गड्याला शिवी हासडायचा आणि तरटावर यायचा. गडी मग मजेत पोती मोजत बसायचा, "ऊठ" काही म्हणायचा नाही. वाण्याला इतक्यांदा बसावं लागलं की त्यानं आपली एक उशी आणून ठेवली होती. आणि बाईंनी स्वतःला कधी सोडलं नाही. एकदा दूध उतू गेलं म्हणून एका चिमुरडीवर खेकसल्या आणि आपण होऊन जाऊन बसल्या. ती चिमुरडी थोड्या वेळानं तिथंच झोपून गेली. आम्ही दोघी कामाच्या मुली म्हणालो, बाई, आता उठा. बाई म्हणाल्या, ती जागी होऊ दे. अर्धी सकाळ ती बाई तशीच बसून होती, मांडीला मुंग्या आल्या तरी.

मलाही बसवलं होतं तीन-चार वेळा. दर वेळी मी रागानं लाल व्हायचे. सोळा वर्षांची मुलगी, लुगडं नेसलेली, शेंबड्या पोरांच्या ओळीत. रस्त्यावरून येणारा-जाणारा बघायचा.

मग तालीम खात्याचा, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्याचा, कागद आला. खाजगी वर्ग चालवायचा तर सरकारची इजाजत पाहिजे, नाजिरसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे, येऊन बघतील, तीस लेकरांना शिकवणाऱ्या दोघी पाहिजेत, आणि दोघी वर्गात शिकवताना दिसल्या पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. दोघी म्हणजे बाई आणि मी, कारण दुसरी कामाची मुलगी कुसुम, तिचं त्याच वैशाखात लग्न लागून गेलेलं. ही बातमी मावशीनं आबांना कळवली. आबा मोंढ्यावर जोंधळा घेऊन यायचेच होते, त्यांनी बरोबर नाजिरसाहेब यायचाच दिवस साधला. म्हणाले, इजाजत मिळाली तर राहा, न्हाई मिळाली तर परतीच्या गाडीत बस, मानवतकर थांबायला तयार न्हाईत. मावशीनं तर माझं गाठोडंच बांधून गाडीत टाकलं. तिला कशाची आशा होती ते त्यावरून कळावं.

त्या दिवशी मी पहाटे येऊन ओसरी सारवली. लेकरांची नावं उर्दूत, वळणदार अक्षरात, दोन दिवस खपून लिहिली होती, तो कागद चौरंगावर ठेवला. आबांनी समोरच्या बाजूला लिंबाखाली गाडी सोडली आणि तिथूनच ओसरीकडं बघत चिलीम ओढत बसले. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

आणि मल्लू पाणी घेऊन निघाला. मल्लू म्हणजे घरमालकाचा नातू, साडेचार वर्षांचा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि स्वभावानं आजोबाच. फुलपात्र काठोकाठ भरून तो या टोकावरून जो निघाला तो चौरंगापाशी येऊन अडखळला आणि सगळं पाणी माझ्या कागदावर. तिसाच्या तीस नावं वाहून गेली. मी मागचापुढचा विचार न करता त्याच्या गालावर चापट ठेवून दिली.

कुणी "बसा" म्हणून ओरडलंसुद्धा नाही. मल्लू रडला नाही, नुसता गालाला हात लावून उभा राहिला.

"बस," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, आज नको, आज साहेब यायलेत. बाई म्हणाल्या, येऊ दे. मी म्हटलं, मग दुसरी शिकवणारी कोण दाखवणार, आणि समोर आबा गाडी घेऊन बसलेत, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या लुगड्याच्या पदराची गाठ सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या. तरी म्हणाल्या, "आज साहेब यायलेत म्हणून उठवली, तर उद्या लेकरं म्हणतील, बाईचा कायदा बिनकामाच्या दिवसापुरता. बस."

मी बसले. मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या की माझं मलाच नवल वाटलं. मल्लू शेजारीच होता. मी दबक्या आवाजात म्हटलं, मल्लू, ऊठ म्हण बरं लवकर. त्यानं मान हलवली, नाही. मी कनवटीचा गूळ काढला. बाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "लाच न्हाई." गूळ परत कनवटीला गेला.

नाजिरसाहेब आले ते टांग्यातून घामाघूम होऊन. शेरवानी, डोक्यावर गोंड्याची रुमी टोपी. बाई म्हणाल्या, आधी बसा, मग बोला. साहेबांनी इकडंतिकडं खुर्ची शोधली, नव्हती, म्हणून उभेच राहिले. लेकरं मोजली. मग विचारलं, दुसरी उस्तानी कुठं आहे? बाईंनी माझ्याकडं बोट केलं. साहेबांनी लेकरांच्या ओळीत बसलेली ही घोडी बघितली आणि विचारलं, ही अशी का बसलीय? दुसरी कुणी असती तर सावरून घेतलं असतं, लेकरांत मिसळून शिकवायलीय म्हणाली असती. बाई म्हणाल्या, "तिनं लेकराला मारलं. म्हणून बसवलंय."

माझी आशा तिथंच संपली. साहेब मला नीट बघायला खाली वाकले, आणि वाकल्यावर तो काळा गोंडा बरोबर मल्लूच्या नाकासमोर आला. मल्लूनं तो धरला आणि ओढला. टोपी खाली. साहेबांचं टक्कल उघडं पडलं आणि ते दणकून ओरडले, "बदतमीज!"

तीस लेकरं एका दमात सुरू झाली, बसा, बसा, बसा. साहेब बावरले. मल्लूनं त्यांचं बोट धरलं आणि तरटाकडं ओढलं. बाईंनी कायदा काय तो दोन वाक्यांत सांगितला. आता हा माणूस काय करणार, वर्गाला कुलूप ठोकणार की बाईंना कचेरीत नेणार? साहेबांनी रुमालानं टक्कल पुसलं. मग "सुबह से खड़े-खड़े पाँव टूट गए" असं काहीतरी पुटपुटले, शेरवानीची दोन खालची बटणं सोडली आणि माझ्या शेजारी बसले. पाय लांब करून त्यांनी एक मोठा सुस्कारा टाकला.

पण समोर लिंबाखाली आबा होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आणि त्यांना दिसलं ते असं, की साहेब आले, साहेबांनी आपल्या पोरीकडं वाकून बघितलं, साहेब ओरडले, आणि आपली पोरगी बिगारीच्या ओळीत बसलीय. त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. पोरगी नापास झाली, आणि साधीसुधी नाही, आठवीतून थेट बिगारीत. चिलीम टाकून ते रस्ता ओलांडून आले.

"एवढी वर्सं शिकली आन् बिगारीत बसायली?" ते ओसरीच्या पायरीवरूनच गरजले. "लाज हाय का काही? ऊठ. गाडीत बस."

लेकरांचं पुन्हा सुरू झालं, बसा, बसा. आबा म्हणाले, मी कशाला बसू. तेव्हा माझ्या शेजारून नाजिरसाहेब म्हणाले, "पाटील, बैठ जाव. आधी बसा, मग बोला. मी बी बसलोय."

ओळीतला तो बोडका माणूस म्हणजेच साहेब, हे तोवर आबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सरकारी माणूस जमिनीवर आणि आपण उभे, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी पायतण काढलं आणि ओळीच्या टोकाला उकिडवे बसले. एका पोरीनं त्यांना मांडी घालायला लावली.

आता मल्लूच्या हातात दोघं, साहेब आणि मी. साहेबांनी त्याला जवळ घेतलं, टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, गोंडाच बघायचा होता ना, बघ. मल्लूनं गोंडा बघितला, टोपी डोक्यात घातली, ती नाकापर्यंत आली. आतून आवाज आला, "ऊठ."

साहेब उठले. मी बाईंकडं बघितलं. माझा गूळ लाच आणि ही टोपी काय, हे माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. बाई हळूच म्हणाल्या, "ज्या गोंड्यापायी साहेब डाफरले, तोच त्यांनी लेकराला दिला. तू दुसरंच काहीतरी द्यायलीस."

साहेबांनी कागद काढला, दौत मागितली आणि बाईंना म्हणाले, मला दोन उस्तान्या उभ्या दिसल्या पाहिजेत, बसलेली मी लिहू शकत नाही. म्हणजे वर्ग, माझी शाळा, मानवत, सगळं त्या टोपीखालच्या पोराच्या एका शब्दावर येऊन ठेपलं. सकाळपासून मी त्याला "ऊठ म्हण" असा हुकूमच सोडत होते. मी टोपी जरा वर केली. गालावर माझं एक बोट अजून उमटलेलं होतं. तोवर मी ते बघितलंच नव्हतं, सगळा वेळ कागदाचाच विचार करत होते.

"मल्लू, माझं चुकलं," मी म्हटलं. "लय लागलं का रे?"

"लागलं," मल्लू म्हणाला. मग त्याला रडू आलं, सकाळचं राहिलेलं. माझ्या लुगड्याला नाक पुसून झाल्यावर म्हणाला, "ऊठ."

मी उठले. साहेबांनी खाली वाकून, गुडघ्यावर कागद ठेवून दोन उस्तान्या लिहिल्या, सही केली, बाईंना दिली, आणि टोपी परत मिळवायला बराच वेळ घालवून टांग्यात बसून गेले. आबाही उठायला लागले, तर लेकरांनी कल्ला केला.

"पाटील, तुमी कुणावर आवाज चढवला?" बाईंनी विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं.

"मग तिला इचारा."

आमच्या घरात पोरींनी बापाला विचारायची रीत होती. पाण्याला जाऊ का, मावशीकडं राहू का, जेवू का. बापानं पोरीला काही विचारलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आबांनीही विचारलं नसणार. ते तरटाची सुतळी उपटत बसले. मी "उठा" म्हणून टाकणार होते, जीभ वळलीच होती. पण बाई माझ्याकडं बघत होत्या, म्हणून ती आवरली. शेवटी आबा तरटाकडंच बघून म्हणाले, "लागलं का गं?"

"आवाज न्हाई लागला, आबा," मी म्हटलं. "मानवतचं लागलं."

आबांनी मल्लूकडं बघितलं, त्याच्या गालाकडं बघितलं. मग मान हलवली, होय म्हणून का नाही म्हणून ते मला कळलं नाही, तरी मी म्हटलं, "उठा, आबा."

त्यांनी गाडी जुंपली. बाई म्हणाल्या, बघायली काय, लेकरांना पाणी पाज. मी फुलपात्री भरायला घेतली, पण कान रस्त्याकडं होते. चाकं वाजली, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. आबा पायी परत आले. त्यांच्या हातात माझं गाठोडं होतं. ते त्यांनी तरटावर ठेवलं, क्षणभर पायरीवर उभे राहिले, आणि काही न बोलता निघून गेले. बोलायचं तर बसावं लागलं असतं.